नळी, चाप आणि दस्ता

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचे नाव आणि त्याखाली बंदुकीचा विषय छापलेला पाहून मोऱ्याच्या धक्क्यावर एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला थांबवले आणि विचारले, "काय हो, निवेदने देऊन कंटाळलात वाटतं?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. ज्याचा जन्म मिठागरांतल्या आणि बंदरावरच्या मजुरांची गाऱ्हाणी लिहिण्यात गेला, ज्याची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले, त्याने शस्त्रविद्येत नाक का खुपसावे?

उत्तर असे की, आम्हां उरणकरांना बंदूक अपरिचित नाही. मात्र आम्ही ती बहुधा नळीच्या तोंडाकडूनच पाहिली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते चिरनेर तेव्हा पनवेल तालुक्यात मोडत असे. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाचजण गोळीबारात पडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. घरोघरच्या चुली त्या दिवशी थंड होत्या एवढे आठवते. दस्त्याच्या बाजूने, म्हणजे ज्याने ती घडवली त्याच्या बाजूने, बंदूक निरखण्याचा योग मात्र आला तो गेल्या पावसाळ्यात.

त्याचे असे झाले. आमच्या ओळखीचा एक खलाशी अमेरिकेची फेरी करून घरी आला. ओहोटीच्या वेळी त्याची लाँच गाळाने अडली, म्हणून गडी दोन तास उशिरा उतरला, पण उतरला तो हसत. त्याच्या पिशवीत एक चित्रांची पुस्तिका होती. तिकडे म्हणे जुन्या चकमकीच्या बंदुकीचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात आणि हौशी लोक हिवाळाभर घरी बसून ते जोडतात. दोनशे वर्षांपूर्वीची बंदूक, तोंडाकडून दारू ठासायची, गारगोटीच्या ठिणगीने उडवायची! अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा जुन्या बनावटीच्या बंदुकांना आणि त्यांच्या नव्या नकलांनाही बव्हंशी मोकळीक ठेवली आहे. आपल्याकडे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनविणे हा तर गुन्हा आहेच, पण तिचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच धरले जातात. तेव्हा खोके आणण्याचा प्रश्न नव्हता. पुस्तिका तेवढी आली.

ती घेऊन आम्ही गेलो आमच्या मिस्त्रींकडे. मिस्त्री म्हणजे गोदीतून निवृत्त झालेले फिटर, आमच्या संघटनेचे जुने सभासद. त्यांनी ती पुस्तिका चित्रांवरून वाचली आणि आम्ही शेजारी कोश उघडून शब्दांवरून वाचली. आणि कबूल करावयास हरकत नाही की, पुष्कळ ठिकाणी त्यांचेच वाचन बरोबर निघाले.

खोक्यात काय असते? एक लोखंडी नळी, एक चाप, बराचसा कोरलेला पण ओबडधोबड ठेवलेला लाकडी दस्ता, दारू ठासण्याचा गज, पितळेच्या पट्ट्या व कड्या आणि मूठभर स्क्रू. (चाप हा शब्द येथे आम्ही ठिणगी पाडणाऱ्या सबंध यंत्राला लावतो. बोटाने ओढायचा तो खटका, आणि गारगोटी जबड्यात धरून आपटणारा तो घोडा.) पाहणाऱ्याला वाटते, चार स्क्रू पिळले की झाले. परंतु खरे काम लाकडात आहे. नळी आणि चाप दस्त्यात असे बसले पाहिजेत की मध्ये कागदही शिरू नये. त्यासाठी लोखंडाला काजळी फासतात, ते लाकडावर दाबतात आणि उचलतात. जेथे काळा डाग उमटेल तेथे लाकूड उंच आहे; तेवढेच, नखभर, तासायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा पटाशी. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, ही तर आमची बेअरिंग घासण्याची रीत! आम्ही निळा रंग लावायचो, हे काजळी लावतात."

मग नळीच्या बुडाशी पाडलेले बारीक छिद्र, ज्याला आपल्याकडे बंदुकीचा कान म्हणत, ते रंजकेच्या खोलगट वाटीसमोर नेमके आले पाहिजे. सूतभर खाली गेले तर नळीतल्या दारूपर्यंत ज्वाळा जाण्याआधी रंजक वातीसारखी जळत बसते आणि बार उशिरा निघतो. शेवटी नळीला रंग. तो रंग म्हणजे गंजच! ओलावा आणि क्षार लावून मुद्दाम गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, असे आठ-दहा वेळा केल्यावर तपकिरी कांती येते. हे वाचून मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. मोऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात तेच काम सायकलीवर फुकट होते.

आम्ही दोघांनी मिळून शेवटी एक खेळ केला. सागवानी फळीवर दीड हात लांबीचा लाकडी चाप बनवला, आतली कळ सर्वांना दिसेल असा उघडा. व्याख्यानाच्या वेळी श्रोत्यांनी तो पाहिलाच आहे. त्यात घोड्याच्या मागे एक गोल चकती आहे. तिला दोन खाचा. पहिल्या खाचेत घोडा अर्धा वर राहतो, तेव्हा तो सुटू नये अशी योजना आहे; दुसऱ्या खाचेत पुरा वर, आणि खटका ओढला की खिटी खाचेतून निसटते. घोडा पुढे झेपावतो, गारगोटी उभ्या पोलादी पट्टीला खरवडत खाली येते, पट्टी मागे उलटून रंजकेची वाटी उघडी पडते, आणि त्याच क्षणी ठिणग्या वाटीत पडतात. हे सारे ज्या जोरावर चालते ती आत दडलेली वाकडी कमान. आमच्या चापात ती बांबूची होती. तिसऱ्याच खटक्याला ती काड्‌कन मोडली आणि आमच्या अंगठ्याला लागली. दुसरीही मोडली. मिस्त्री तिकडे पाहून एवढेच म्हणाले, "बंदूक म्हणजे कमान. बाकी सगळं सुतारकाम."

ह्या एका वाक्याने आम्हांला इतिहासाची पुस्तके पुन्हा उघडावयास लावली.

आपल्या मुलखात आधी आली ती तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे जळती वात. खटका दाबला की ती रंजकेत टेकते. ती पावसात विझे, रात्री तिचा लालबुंद ठिपका शत्रूला दिसे, आणि जळती वात घेतलेली माणसे दारूच्या पिशव्यांसह खांद्याला खांदा लावून उभी करणे धोक्याचे असे. पण तिचे गुणही होते. नळी लांब असल्यामुळे तिची गोळी पुष्कळदा विलायती बंदुकीच्या गोळीहून लांब जाई. आणि मुख्य म्हणजे, तिची कळ गावचा लोहार ऐरणीवर दुरुस्त करू शके. चकमकीच्या चापाचे तसे नाही. त्याची कमान पोलादाची, तिला पाणी द्यावे लागते. पाणी कमी पडले तर ती मऊ राहते, जास्त झाले तर काचेसारखी तुटते. मधला निळसर रंग पकडणारा डोळा वर्षानुवर्षांच्या कामाने तयार होतो. उभी पट्टी वरून कडक हवी, म्हणून ती हाडे व चामडे यांच्या कोळशात बंद करून भट्टीत ठेवायची. मराठी फौजेत तोडा दीर्घकाळ टिकला, ह्याचे कारण आमचे लोक मागासलेले होते असे सांगण्याची एक सवय पडून गेली आहे. आम्हांला ते पटत नाही. जे हत्यार आपल्या हाताने दुरुस्त होते ते सोडून, ज्याची कमान मुंबईहून आणावी लागते ते घेण्यास शहाणा माणूस बिचकणारच.

तरीही काळ बदलत होता, आणि तो आमच्या दारावरून गेला. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावाला पेशव्यांच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज खाडीमार्गे पनवेलला उतरली आणि बोरघाट चढू लागली. चार हजारांच्या आसपास माणसे, आणि सामानासाठी १९,००० वर बैल होते असे ग्रँट डफ लिहितो. शिपायांच्या खांद्यावर चकमकीच्या बंदुका होत्या, मिनिटाला दोन-तीन बार काढणाऱ्या. पण ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच तो मराठी बखरीतला इष्टुर फाकडा; शत्रू असूनही त्याच्या धाडसाला आपल्या लोकांनी 'फाकडा' म्हणून दाद दिली. पुढे तळेगाव जळालेले, दाणावैरण नाही, मागे फिरावे तर मराठी घोडदळ; वडगावला त्या फौजेने शरणचिठ्ठी लिहून दिली. बंदूक चांगली असली तरी बैल उपाशी मेले की लढाई संपते, हे तेथे दिसून आले. मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर घारापुरी आणि करंजा ही बेटे इंग्रजांकडेच राहिली. करंजा बेट म्हणजे आमचे उरण आणि मोरा. वडगावचा विजय आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचला नाही.

चकमकीची बंदूक घेऊन कवायत करणारे पायदळ मराठ्यांनी उभारलेच नाही असे मात्र नाही. पानिपतावर बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी होता. काशीराज पंडिताच्या वृत्तान्तात एक प्रसंग आहे, तो कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांकडे आला आणि म्हणाला की, माझ्या माणसांना दरमहा पगार हवा असा मी हट्ट धरतो म्हणून आपली माझ्यावर इतराजी होती. ह्या महिन्याचा पगार मिळालेला नाही, तरी आज पाहा आम्ही काय करतो ते. आणि गारद्यांनी तसे करून दाखवले. त्यानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराचे निमित्त करूनच, आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कट कोणाचा, 'ध' चा 'मा' कोणी केला, ह्यावर पुष्कळ शाई वाहिली आहे. पण पगार थकलेला होता, हे निमित्त त्या दिवशी सर्वांना खरे वाटण्याजोगे होते, ह्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ह्या उलट उदाहरण महादजी शिंद्यांचे. त्यांनी द बॉइन ह्या सेनानीकडून पलटणी उभारल्या. त्यांच्या पगारासाठी दुआबातला मुलूखच तोडून दिला, म्हणजे वसूल थेट पगाराला. जखमी शिपायाचा पगार उपचाराच्या काळात कापायचा नाही, कायमच्या अपंगाला निर्वाह द्यायचा, असे त्या पलटणींचे नियम होते. आम्ही आमच्या आयुष्यात अपघाताच्या रजेचा पगार मिळवण्यासाठी किती जिने चढलो ते आठवून हा मजकूर दोनदा वाचला. आणि ह्याच व्यवस्थेखाली आग्र्यास जो कारखाना चालला, त्यावर सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. तेथे तोफा ओतल्या जात आणि चकमकीच्या बंदुका दर नग दहा रुपयांना तयार होत. विलायती नमुन्याच्या तोडीच्या, असे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. त्या बंदुकांच्या कमानींना पाणी देणारे हात आग्र्याच्या लोहारांचे होते, स्कॉटलंडातून गलबत भरून आलेले नव्हते. त्यांतल्या एकाचेही नाव आम्हांला कोठे आढळले नाही. सँगस्टरचे आढळते.

म्हणजे हात होते. कमान वळवणारे डोळेही होते. नव्हते ते काय? पेशव्यांनी तोफगोळ्यांचे कारखाने काढले, पानसे घराण्याने तोफखाना सांभाळला. पण बंदुका मात्र बऱ्याचशा विकतच्या, त्यांत कंपनीने जुन्या म्हणून काढून टाकलेल्याही. काम सतत मिळाले, मजुरी दरमहा मिळाली, तर कारागीर एका जागी टिकतो आणि मुलाला शिकवतो. मोहीम आली की बोलवायचे आणि मोहीम संपली की वाटेला लावायचे, अशाने कमान वळवणारा डोळा तयार होत नाही. हे आमचे मत आहे. विद्वानांनी ते तपासून घ्यावे. १८०३ साली युद्ध जुंपले तेव्हा वेलस्लीने शिंद्यांच्या नोकरीतल्या अंमलदारांना फितवण्यासाठी जाहीरनामा काढला, आणि त्यांतले पुष्कळ निघून गेले. असईला २३ सप्टेंबरला आणि लासवारीला १ नोव्हेंबरला साधे गोलंदाज व शिपाई मात्र तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. दोन्ही लढायांच्या मध्ये, १८ ऑक्टोबरला, आग्र्याचा किल्ला पडला.

आता समोरच्या बाजूचे कारागीर पाहा. इंग्रजांची बंदूकही एका माणसाने केलेली नसे. बर्मिंगहॅमकडे कोणी नळ्या वळत, कोणी फक्त चाप कानशीत, आणि हे सुटे भाग लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन तेथे दस्त्यांवर जोडत. म्हणजे आमच्या खलाशाने पाहिलेले खोके आणि त्या काळचे सरकारी कोठार ह्यांत रीतीने फारसा फरक नाही. १८०४ ते १८१५ एवढ्या काळात एकट्या बर्मिंगहॅमने सतरा लाखांहून अधिक बंदुका पुरवल्या. आणि कंपनी सरकारचा नमुना, एकोणचाळीस इंच नळीचा, इतका स्वस्त आणि सोयीचा ठरला की नेपोलियनशी लढताना इंग्लंडच्या सैन्यानेही तोच घेतला व त्याला 'इंडिया पॅटर्न' म्हटले. चापाच्या बाहेरच्या अंगावर कंपनीची खूण असे, आधी बदामाची, पुढे सिंहाची. चाप कानसणाऱ्याची आद्याक्षरे असत ती आतल्या बाजूला, लाकडाकडे तोंड करून. बंदूक उघडल्याशिवाय दिसू नयेत अशी.

आणि गारगोट्या! सफोक परगण्यात ब्रँडन नावाचे गाव आहे. तेथील लोक जमिनीतून काळसर गारगोटी खणून हातोडीने तिचे चौकोनी तुकडे पाडत. इंग्रज फौजेच्या गारगोट्यांचे ते माहेरघरच होते. बंद खोलीत दिवसभर दगड फोडायचा. त्याची धूळ फुफ्फुसात जाई आणि माणसे ऐन उमेदीत खोकून खोकून मरत. हाच आजार आज खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना होतो. सरकारी संशोधकांनी त्याची पाहणी केली आहे. आमच्या पनवेल-उरणच्या दगडखाणींवर जाऊन जरा तास-दोन तास उभे राहावे. रणांगणावर पडलेल्यांचे आकडे इतिहासात मिळतात. गारगोटी फोडताना पडलेल्यांचे शिरगणतीत कोठे तरी गेले.

ह्या हातकामाला एका फ्रेंच माणसाने शह दिला, त्याचे नाव होनोरे ब्लाँ. पूर्वी एका बंदुकीचा खटका दुसरीला बसत नसे, कारण प्रत्येक भाग हाताने कानसून त्याच्या शेजाऱ्याशी जुळवलेला. ब्लाँने सारे भाग एका मापाचे केले. १७८५ साली त्याने पॅरिसमध्ये जेफरसन ह्या अमेरिकन वकिलासमोर पन्नास चापांचे सुटे भाग कप्प्यांत मांडून ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः अनेक चाप जोडले आणि ते बसले. पुढे हाच माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तिकडच्या सरकारी कारखान्यांनी ती कल्पना पुढच्या अर्धशतकात पुरी केली, आणि शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत सारे त्याच वाटेने आले. फ्रान्सच्या जुन्या कारागिरांनी ब्लाँला विरोध केला म्हणून पुस्तकांतून त्यांना नावे ठेवलेली आढळतात. आम्ही ठेवणार नाही. भाग बदलता येऊ लागला की भाग करणारा माणूसही बदलता येतो, हे त्यांना तेव्हाच कळले होते. आमच्याकडे कंत्राटदाराच्या फाटकाशी सकाळी सहाला उभ्या असलेल्या पोरांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अर्थात, गोरगरिबाच्या घरी शिवणयंत्र आले तेही त्याच मापाच्या भागांमुळे, हेही नाकारता येणार नाही. आमचा एका बाजूला निकाल होत नाही, तो नाही.

असो. चकमकीचे राज्य पुढे फार टिकले नाही. १८४० च्या सुमारास केपाची बंदूक आली आणि गारगोटी गेली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. गावोगावच्या लोहारांच्या हातून बंदूक सुटली ती तेव्हापासून. तरी ठासणीची बंदूक मेली नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे आजही ती शेतकऱ्याच्या घरी सापडते, कारण १९५९ च्या कायद्यानेच शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा अशी तरतूद ठेवली आहे. निवडणूक जवळ आली की ह्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रानडुकरांना आणि माकडांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे त्या महिन्या-दीड महिन्यात पिकाचे काय होते, ते तिकडचे शेतकरी दर वेळी सांगतात.

त्या भागातल्या आमच्या एका कार्यकर्त्याच्या आजोबांची अशी परवान्याची बंदूक आम्ही गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पडवीत पाहिली. केपाची होती. आजोबांनी चाप उघडून दाखवला, तेव्हा मिस्त्रींनी चष्मा पुसून आतल्या बाजूला बराच वेळ पाहिले. नाव नव्हते. कानशीच्या रेघा होत्या, एका दिशेने मारलेल्या, सरळ. मिस्त्री म्हणाले, "डावखुरा होता."

परत आल्यावर त्यांनी आमचा लाकडी चाप कचेरीच्या भिंतीवरून उतरवला. कमान आता ताडाच्या खोडाची घातली आहे. अजून मोडलेली नाही. चाप पुन्हा टांगण्याआधी त्यांनी पाठीमागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड राहील अशा जागी, पटाशीने काही कोरले. आम्ही नंतर खिळ्यावरून काढून पाहिले. गोदीतला त्यांचा बिल्ला नंबर होता.